जिप्सी 2 इंच उचलल्यावर पुढची चाकं थरथरतात

प्रश्न: पुढे-मागे लांब शॅकल (पाट्याच्या स्प्रिंगचं टोक चॅसिसला जोडणाऱ्या पट्ट्या) टाकलेत. साठच्या पुढे खड्डा लागला की स्टीअरिंग हातात थांबत नाही. स्टीअरिंग डॅम्पर (स्टीअरिंगचे धक्के शोषणारा दांडा) बदलू का?

उत्तर 1: डॅम्पर शेवटी, भाऊ. तो दुखणं झाकतो. जॅक लावून चाक वर-खाली धरून हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ (ढिलेपणा) गेला तर व्हील बेअरिंग, राहिला तर किंगपिन (चाक ज्यावर डावी-उजवीकडे वळतं ती पिन). किंगपिन बेअरिंगला खड्डे पडले नसतील तर एखादी पातळ शिम (मधली चकती) काढा, खेळ जातो. टाय रॉडची (दोन्ही पुढची चाकं जोडणाऱ्या दांड्याची) टोकंही बघा.

उत्तर 2: लांब शॅकलने कॅस्टर (किंगपिनचा मागे झुकलेला कोन) घटतो, म्हणून वळणानंतर स्टीअरिंग सरळ येत नाही. पाटा आणि ॲक्सलमध्ये पाचर घालून ॲलाइनमेंट मोजा.

उत्तर 1: आणि पाट्याच्या टोकांतल्या रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी करूनच आवळा. लटकत्या ॲक्सलवर आवळले तर रबर पिळून फाटतं.