मदत हवी आहे: अर्ज नेमका कुठे अडकतो हे नोंदींवरून कसं काढायचं?

एका तालुका कार्यालयात दाखल्यांचं काम बघतो. लोकसेवा हक्क अधिनियम 2015 प्रमाणे प्रत्येक सेवेला मुदत ठरलेली आहे. उशीर होतो, पण कोणत्या टेबलावर, हे कुणालाच नक्की सांगता येत नाही. ऑटोमेशनचं नंतर बघू. आधी दुखणं कुठे आहे ते कळायला हवं, नाहीतर तोच गोंधळ संगणकावर, एवढाच फरक.

आवक नोंदवही आणि कार्यविवरण नोंदवही (प्रत्येक लिपिकाकडे आलेल्या आणि निकाली निघालेल्या कागदांची नोंद) यांच्या तारखा एक्सेलमध्ये भरल्या. पिव्होट टेबलने एकूण सरासरी दिवस मिळाले, पण त्यातून काही हाती लागत नाही. गाठ पडते ती त्रुटीच्या अर्जांपाशी: अर्ज अर्जदाराकडे परत जातो, कागद जोडून पुन्हा येतो, आणि बऱ्याचदा त्याला नवा आवक क्रमांक पडतो. म्हणजे एकच प्रकरण दोन ओळींत! नावावरून जुळवायला गेलो तर जुन्या याद्या श्रीलिपीत (जुना, युनिकोड नसलेला फॉन्ट), नव्या युनिकोडमध्ये, त्यामुळे तेच नाव एक्सेलला वेगळं वाटतं.

अडचणी आधीच सांगतो. एक्सेल 2010 आहे, पॉवर क्वेरी (याद्या जोडायचं, साफ करायचं एक्सेलचं साधन) वेगळी टाकावी लागते आणि ॲडमिन परवानगी नाही. पोर्टलवरून फक्त छापील अहवाल निघतो. अर्जदारांची माहिती बाहेरच्या कुठल्याही ऑनलाइन टूलवर टाकता येणार नाही. ई-ऑफिस (फायली संगणकावरच फिरवायची सरकारी प्रणाली) अजून आमच्या शाखेपर्यंत आलेलं नाही.

तर अर्जदाराकडे गेलेले दिवस वगळून प्रत्येक टेबलावरचे दिवस मोजायचे, तर तक्त्यात रकाने कसे ठेवावेत? आणि दोन आवक क्रमांकांची प्रकरणं नावाशिवाय कशाच्या आधारे जोडता?