स्वल्पविराम नियमाबाहेरचा नाही

दशांशाला टिंबाऐवजी स्वल्पविराम देणं (१२.५ ऐवजी १२,५) म्हणजे युरोपवाल्यांचा मनमानी कारभार, असं काहीजण म्हणतात; ते मला पटत नाही. वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने २००३ साली टिंब आणि स्वल्पविराम दोन्हींना मान्यता दिली आहे. हजारांचे गट पाडायला मात्र दोन्ही नकोत, नुसती मोकळी जागा सोडायची. (आपलं १,००,००० त्यात कुठेच बसत नाही, ते असो.)

साकीनाक्याच्या वर्कशॉपात जर्मन ड्रॉइंग आलं की खरी गोची होते ती स्वल्पविरामापुढे तीन आकडे असले की. १२,५ मिमी कुणालाही कळतं. पण १,२५० म्हणजे सव्वा मिलिमीटर की साडेबाराशे? आमचे फोरमन अशा वेळी आधी शेजारचा टॉलरन्स (माप किती कमी-जास्त चालेल तो आकडा) बघतात. तिथे ±०,०५ असेल तर स्वल्पविराम दशांशाचाच, कारण हजारांत लिहिलेला आकडा शून्याने सुरू होत नाही.