डेटा सेंटरचं बांधकाम: स्थानिक कारागिरांना खरंच काय मिळतं?

रोहित्र (धागाकर्ता)

डेटा सेंटर, म्हणजे इंटरनेटचे सर्व्हर ठेवलेली इमारत, येणार म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: सुरू झाल्यावर नोकऱ्या किती? उत्तर ऐकून लोक चिडतात, कारण आकडा खरोखरच छोटा असतो. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात डेटा सेंटरांची जगातली सर्वांत मोठी दाटी आहे. तिथल्या विधिमंडळाच्या लेखापरीक्षण आणि आढावा आयोगाने डिसेंबर २०२४ मध्ये या उद्योगावर अहवाल दिला. त्यानुसार अडीच लाख चौरस फुटांची नेहमीची इमारत चालवायला साधारण ५० माणसं पुरतात, त्यातली निम्मी कंत्राटी. पण तीच इमारत बांधायला १२ ते १८ महिने लागतात आणि काम ऐन भरात असताना साइटवर १,५०० च्या आसपास माणसं असतात.

आपण सगळे त्या ५० वर भांडत बसतो. मला १,५०० बद्दल बोलायचंय. हे काम विटा-सिमेंटचं कमी आणि विजेचं, कूलिंगचं जास्त असतं. हाय टेन्शन पुरवठा, ट्रान्सफॉर्मर, पॅनेल, यूपीएस (वीज गेली की लगेच भार धरणारी बॅटरी यंत्रणा), डीजी सेट (डिझेल जनरेटर), चिलर (पाणी थंड करणारं यंत्र), पाइपलाइन आणि केबल वाहून नेणारे केबल ट्रे. पदवी नाही पण हातात कसब आहे, अशा माणसाला एका जागी एवढं काम क्वचितच मिळतं. म्हणून परवानगी देतानाच अट असावी की एकूण कामाच्या तासांतला ठरावीक वाटा स्थानिक शिकाऊ उमेदवारांना मिळालाच पाहिजे. विरोध असेल तर मोकळेपणाने मांडा.

पाना_पकड

विरोध आहे. मी पाइप फिटर आहे, अशा साइटवर राबलोय. १,५०० हा आकडा ऐन भरातला, हे तुम्हीच लिहिलंय. आधी सिव्हिलवाले, मग स्टील, मग वायरमन आणि फिटर, शेवटी टेस्टिंगवाले. एकेका ट्रेडच्या वाट्याला काही महिनेच येतात. शिवाय ही माणसं असतात कुठली? मुख्य कंत्राटदार आधीच्या साइटवरची टोळी सोबत घेऊन येतो. मुदत चुकली तर दंड असतो, त्यामुळे नवख्या माणसावर तो वेळ घालवत नाही. स्थानिक पोरांच्या वाट्याला खड्डे खणणं, माल उतरवणं आणि केबल ओढणं. काम संपलं की गेटपास परत करा आणि घरी जा. याला मी कुशल रोजगार म्हणणार नाही.

रोहित्र

एक इमारत धरली तर तुमचं बरोबर आहे. पण डेटा सेंटर बहुधा एकटं येत नाही. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातल्या प्राइनव्हिल या छोट्या गावात फेसबुकने २०१० मध्ये काम काढलं, २०११ मध्ये पहिली इमारत सुरू झाली. त्यानंतर दशकभराहून जास्त काळ तिथे इमारतीमागून इमारत उभी राहत गेली. एवढ्या काळात शिकाऊ पोरगा चांगला मिस्त्री होतो.

पाना_पकड

आणि थांबली तर? आयर्लंड बघा. मीटरवर मोजलेल्या एकूण विजेत डेटा सेंटरांचा वाटा २०१५ मध्ये ५ टक्के होता, २०२३ मध्ये २१ टक्के झाला. त्याआधीच, नोव्हेंबर २०२१ मध्ये, तिथल्या वीज नियामकाने नव्या जोडणीचे नियम कडक केले आणि डब्लिन भागात नव्या जोडण्या जवळपास थांबल्या. निर्णय चुकीचा होता असं मी म्हणत नाही, वीज सगळ्यांना लागते. पण ज्या कामाचं भवितव्य ग्रिडवर उरलेल्या क्षमतेवर लटकलंय, त्याच्या भरवशावर पोरांना पाच वर्षांच्या शिक्षणात घालायचं?

टॉर्करेंच

पाना_पकड दादा, आयर्लंडची गोष्ट अर्धीच सांगितलीत. तिथले इलेक्ट्रिकल आणि मेकॅनिकल कंत्राटदार आज युरोपभर डेटा सेंटरं बांधताहेत. घरी शिकलेलं काम वाया गेलं नाही.

हे काम माणसाला काय शिकवतं तेही बघा. मी केबल टर्मिनेशन करतो, म्हणजे केबलची टोकं यंत्रांना जोडतो. जाड केबलचं इन्सुलेशन सोलताना आतल्या एका तारेलाही चरा जाता कामा नये. मग लग (टोकावरची धातूची टोपी) चढवायचा, त्याच मापाच्या डायने (साच्याने) हायड्रॉलिक क्रिंप करायचा, म्हणजे दाबून घट्ट बसवायचा, बोल्ट कंपनीने दिलेल्या टॉर्कवर (पिळाच्या जोरावर) आवळायचा आणि नट-बोल्टवरून मार्करची रेघ ओढायची. पुढे कधी ती रेघ तुटलेली दिसली की नट फिरलाय हे लगेच कळतं. शेवटच्या चाचणीत खोटा लोड लावून बाहेरची वीज मुद्दाम तोडतात. यूपीएसने भार धरायचा, डीजी सेटने सुरू होऊन तो उचलायचा. सैल राहिलेला एकच जोड तेव्हा तापतो आणि थर्मल कॅमेऱ्यात उजळून दिसतो. कुणी केला होता, हे रजिस्टरमध्ये नोंदलेलं असतं. अशी शिस्त अंगात भिनलेला माणूस हॉस्पिटलच्या किंवा औषध कारखान्याच्या कामावर लगेच उभा राहू शकतो.

पाना_पकड

मान्य, कसब कुठेही जातं. पण त्यामागे माणसालाही जावं लागतं. बायकापोरांना सोडून परदेशात साइटच्या खोलीत राहणाऱ्याचा रोजगार तुम्ही ‘स्थानिक’ या रकान्यात मोजू नका. जागा, पाणी आणि वीज स्थानिकांची जाते.

छोटाठेकेदार

माझी अडचण वेगळी आहे, तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. मोठी साइट सुरू झाली की माझ्यासारख्यांची तयार माणसं ओव्हरटाइमच्या आशेने तिकडे जातात. मी त्यांना दोष देत नाही. पण शाळेचं वायरिंग, दवाखान्याचं एसी प्लँट, सोसायटीचा पंप ही कामं लांबतात आणि महागतात. आणि ज्या पोराला मी काम शिकवलं, तो परत येईल तेव्हा माझ्याकडे काम असेलच याची खात्री नाही.

रोहित्र

मजुरी वाढली तर कारागिराच्या घरात चार पैसे जास्त जातात, त्याची तक्रार मी करणार नाही. मात्र माणसं पुरत नाहीत हे तुम्ही स्वतःच सांगताय. मग नवी माणसं घडवण्याचा खर्च, ज्याच्यामुळे टंचाई झाली त्याने का उचलू नये?

वर्कशॉपवाली

मी प्रशिक्षण देते, म्हणून रोहित्र यांच्या अटीतली भोकं दाखवते. अमेरिकेत इलेक्ट्रिशियनची शिकाऊ उमेदवारी साधारण पाच वर्षांची आणि ८,००० तासांच्या प्रत्यक्ष कामाची असते. इमारत दीड वर्षात उभी राहते. नुसते तास मोजले तर कंत्राटदार पोरांना दीड वर्ष केबल ओढायला लावेल आणि कागदावर अट पूर्ण होईल. पोरगा शिकणार काहीच नाही.

म्हणून दोन गोष्टी हव्यात. एक, शिकाऊ उमेदवाराचं नाव कंत्राटदाराकडे नाही, तर प्रशिक्षण संस्थेकडे नोंदलेलं असावं. साइट संपली की संस्था त्याला दुसरीकडे लावेल, त्यात छोटाठेकेदार यांच्यासारख्यांची कामंही आली. दुसरी, त्याला कामं फिरवून मिळावीत: ट्रे, टर्मिनेशन, पॅनेल आणि शेवटी कमिशनिंग, म्हणजे सगळी यंत्रणा चालवून तपासणं. कमिशनिंगला तर शिकाऊ पोराला जवळपास फिरकूही देत नाहीत. वास्तविक सगळी यंत्रणा एकत्र कशी चालते हे तिथेच दिसतं, आणि जे ५० जण पुढे इमारत चालवणार त्यांना नेमकं हेच यावं लागतं.

रोहित्र

पटलं, या दोन्ही गोष्टी अटीत घ्यायला हव्यात. अशी अट घालता येते का, याचं उत्तरही व्हर्जिनियातच आहे. तिथे यंत्रसामग्रीवरची विक्रीकर सवलत हवी असेल तर साधारणपणे १५ कोटी डॉलरची गुंतवणूक आणि ५० नव्या नोकऱ्या दाखवाव्या लागतात. कायमच्या नोकऱ्यांची अट घालता येते, तर शिक्षणाची का नाही?

पाना_पकड

अट लिहिणं सोपं आहे. तपासणार कोण? मी साइटवर ‘स्थानिक’ म्हणून दाखवलेली माणसं पाहिलीत, पत्ता भाड्याच्या खोलीचा.

टॉर्करेंच

गेटवर प्रत्येक जण कार्ड लावून आत जातो, बाहेर येतो. कुठल्या कंपनीचा, कुठल्या ट्रेडचा, किती तास आत होता, ही नोंद आधीपासूनच होते. त्यात शिकाऊ उमेदवाराचा नोंदणी क्रमांक जोडायला फार काही लागत नाही.

पाना_पकड

मग ती नोंद दर महिन्याला जाहीर करा, ट्रेडनुसार, आणि प्रशिक्षण संस्थेला साइटवर येऊन पडताळू द्या. आकडा खाली गेला तर त्या वर्षाची करसवलत कापली जावी. एवढं लेखी असेल तर मी पाठिंबा देईन. करारातल्या ‘शक्यतो स्थानिकांना प्राधान्य’ या एका ओळीवर देणार नाही.