सरासरी रक्तदाब ६५ राखला म्हणजे पुरेसे आहे का?

व्हेंटिलेटरवरील रुग्णाचा सरासरी रक्तदाब ६५ मिमीच्या वर राखला की मेंदूच्या रक्तपुरवठ्याची वेगळी काळजी करायला नको, असे एक मत मांडले जाते. निरोगी माणसात रक्तदाब थोडाफार खालीवर झाला तरी मेंदूतील सूक्ष्म रोहिण्या आकुंचन-प्रसरण पावून प्रवाह जवळपास स्थिर ठेवतात हे खरे. श्वसन निकामी झालेल्या रुग्णात मात्र ही यंत्रणाच दुबळी झालेली असू शकते.

कळीचा घटक कार्बन डायऑक्साइड आहे. रोहिणीतील त्याचा दाब १ मिमीने वाढला की मेंदूतील रक्तप्रवाह साधारण ३ ते ४ टक्क्यांनी वाढतो. एआरडीएसमध्ये (फुप्फुसांना तीव्र सूज येऊन श्वसन निकामी होण्याच्या अवस्थेत) फुप्फुसांना इजा होऊ नये म्हणून श्वासाचे आकारमान किलोमागे ६ मिलिलिटरच्या आसपास ठेवतात आणि त्यापायी वाढणारा कार्बन डायऑक्साइड मर्यादेत चालवून घेतात, जे योग्यच आहे. पण कार्बन डायऑक्साइडमुळे आधीच रुंदावलेल्या रोहिण्यांना रक्तदाब घसरल्यावर आणखी रुंदावायला फारसा वाव उरत नाही आणि प्रवाह रक्तदाबाच्या मागे फरफटत जातो. जुना उच्च रक्तदाब असेल तर रक्तदाबाची सुरक्षित किमान मर्यादाही वर सरकलेली असते.

मला अधिक चिंता वाटते ती घाईच्या दुरुस्तीची. कित्येक दिवस ८० मिमीवर असलेला कार्बन डायऑक्साइडचा दाब तासाभरात ४० वर आणला, तर साठलेल्या बायकार्बोनेटमुळे (वाढलेल्या आम्लतेची भरपाई म्हणून शरीराने राखलेल्या अल्कधर्मी घटकामुळे) मेंदूभोवतीचा द्रव अल्कधर्मी होतो, रोहिण्या आकसतात आणि मॉनिटरवरील आकडे उत्तम दिसत असतानाच मेंदूला रक्त कमी पडू शकते. अशा रुग्णात पीएचवर नजर ठेवून सावकाश जाणे आणि शक्य तेथे ट्रान्सक्रॅनियल डॉपलरने (कवटीबाहेरून मेंदूतील रक्तप्रवाह मोजणाऱ्या अल्ट्रासाउंड तपासणीने) प्रवाह पाहणे मला सयुक्तिक वाटते.