विजू खोटे : तुम्हाला कुठे भेटले?

३० सप्टेंबर २०१९. घटस्थापनेच्या दुसऱ्याच दिवशी विजू खोटे गेले. सत्त्याहत्तर वर्षांचे होते. सगळीकडे बातमी आली ती ‘कालिया गेला’ अशी, म्हणजे ‘शोले’तल्या गब्बर सरदाराच्या टोळीतला कालिया. त्यात खोटं काही नाही, पण चुटपुट लागली. वडील नंदू खोटे रंगभूमीवरचे आणि मूकपटांच्या काळातले नट, मोठी बहीण शुभा खोटे, अभिनेत्री दुर्गाबाई याच खोट्यांच्या घरातल्या सून. अशा घरातला माणूस पन्नासेक वर्षं काम करतो आणि बातमी एका प्रसंगात उरकते.

म्हणून हा धागा. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ एवढंच लिहून निघू नका. तुमच्या घरात, शाळेत, ऑफिसात हा माणूस कधी आणि कसा शिरला ते सांगा. भूमिका कुठलीही चालेल, ओळखायला वेळ लागलेली तर आधी!

सुरुवात मीच करते. आमच्याकडे, सांगलीजवळ, गणपतीत आरती आटोपली की मंडपाच्या कर्ण्यावर ‘शोले’च्या संवादांची कॅसेट लागायची. पिक्चर बघायला मिळाला तो फार उशिरा, त्यामुळे माझ्यासाठी कालिया आधी नुसता आवाज होता. कॅसेटवर एक गोष्ट कधीच कळायची नाही. पिस्तुलाचे रिकामे खटके ऐकू येतात, मग हशा, मग गोळ्या. पण हसतंय कोण? पडद्यावर बघितलं तेव्हा उलगडा झाला. काम फसवून आलेले कालिया आणि त्याचे दोन साथीदार, तिघंही वाचतात, गब्बर हसायला लागतो, टोळी हसते, आणि मग हे तिघेही. कालियाचं ते हसणं नीट बघा. आधी तोंड उघडतं, डोळे मात्र अजून सरदारावरच. हसायला परवानगी आहे ना, याचा अंदाज घेत घेत हसू पुढे सरकतं. घाम तसाच. आता सुटलो असं वाटून तो मनापासून हसू लागतो, तेवढ्यात गोळी. मला तरी त्या प्रसंगात गब्बरपेक्षा याचीच जास्त भीती वाटली होती.

गिरगावातून

ताई, आम्ही मिनर्व्हा थेटरवाले. १५ ऑगस्ट १९७५ ला ‘शोले’ लागला तेव्हा मी कॉलेजात. पुढे तो तिथून पाच वर्षं हलला नाही. लॅमिंग्टन रोडवरून जाताना बोर्डावर दुसरा सिनेमा बघायची सवयच गेली होती. वर्षभरात प्रेक्षकांना संवाद तोंडपाठ. गब्बरनं ‘कितने आदमी थे’ विचारायचा अवकाश, उत्तर बाल्कनीतूनच यायचं आणि खरा कालिया मागाहून बोलायचा. नटाचं नाव मात्र माझ्या आजूबाजूला बसलेल्या एकालाही माहीत नसायचं. मलाही नाही. माझ्या आईनं सांगितलं, ‘अरे, शुभाचा भाऊ तो.’ तिच्या पिढीला शुभा खोटे म्हणजे मेहमूद आणि धुमाळ यांच्या जोडीनं धमाल उडवणारी नटी. कालियाच्या भूमिकेचे अडीच हजार मिळाले होते आणि घोडं सारखं पाडत होतं, हे खोट्यांनी स्वतः मुलाखतीत सांगितलंय. पडद्यावर घोड्यावर केवढा रुबाब आहे! ज्वारीचं पोतं घेऊन आलेल्या गावकऱ्याशी बोलतानाचा माज बघा, आणि नंतर सरदारापुढचा तोच माणूस बघा.

लातूरहून

थोडं कडू लिहिते, चालेल ना? मी सावळी. चौथीपासून वर्गात माझं नाव कालिया. ‘तेरा क्या होगा’ हे मी दिवसातून किती वेळा ऐकलं असेल त्याला गणती नाही, आणि त्यात सरही असायचे. त्यामुळे ‘शोले’ लागला की मी आतल्या खोलीत. या नटाचा राग करायला काही कारण नव्हतं, पण करत होते. तो राग गेला लग्नानंतर, ‘अंदाज अपना अपना’ बघताना. त्यातला यांचा रॉबर्ट बघून एवढी हसले की नवऱ्यानं विचारलं, काय झालं? तो म्हणाला, हाच तो कालिया. मी म्हटलं, असेल. ‘शोले’ अजून पूर्ण बघितलेला नाही. बघायचा विचारही नाही.

बडोद्याहून

तुम्ही मुंबई-पुण्याची मंडळी कालियावर थांबलात. आमच्या घरात विजू खोटे म्हणजे विठ्ठल बापूराव पोटे. ‘जबान संभाल के’ ही मालिका, १९९३, दूरदर्शनचं डीडी मेट्रो. पंकज कपूर हिंदीचे मास्तर, नोकरी मिळेना म्हणून शिकवायला आलेले, आणि वर्गात देशाच्या कानाकोपऱ्यातून आणि बाहेरूनही आलेले, हिंदीची वाट लावणारे विद्यार्थी. त्यातला मराठी माणूस म्हणजे पोटे.

आता आमची गंमत ऐका. आम्ही बडोद्याचे मराठी, चार पिढ्यांचे. आई-काकू बाहेर झकास गुजराती बोलायच्या. बाबा मात्र रेल्वेत, आणि रेल्वेत हिंदी. त्यांची हिंदी म्हणजे ‘पानी सांड गया’ आणि ‘उगाच कायको त्रास देता है’. आम्हा भावंडांना त्याची लाज वाटायची, हे आज लिहायला हरकत नाही, बाबा आता नाहीत. दोस्त घरी आले की आम्ही बाबांना आडून आडून आत पाठवायचो. मग टीव्हीवर हा पोटे आला. बाबांसारखाच आत्मविश्वास! चुकतोय याचा पत्ताच नाही. उलट मास्तरालाच काही समजत नाही असा चेहरा. सगळी बिल्डिंग हसायची, आम्हीही हसायचो. बाबा बघत बसायचे, हसायचे नाहीत, पण कार्यक्रम चुकवायचेही नाहीत. एकदा शेजारचे पटेलकाका म्हणाले, ‘हा तर तुमचाच भाऊ.’ बाबा म्हणाले, ‘भाऊ कशाला, मीच आहे. पैसे तेवढे तो घेतो.’ त्या दिवसापासून आम्ही त्यांना आत पाठवणं बंद केलं.

आणखी एक, बहुतेकांच्या लक्षात नसेल. त्याच मालिकेत संस्थेच्या मुख्याध्यापिका, दीक्षितबाई, शुभा खोटे होत्या. सख्खी बहीण ऑफिसात, धाकटा भाऊ बाकावर. बाबांना हे फार आवडायचं.

(धागाकर्ती : दादा, ‘पैसे तेवढे तो घेतो’ हे आमच्या घरी मोठ्यानं वाचून झालं.)

नाशिकहून

मी औषध कंपनीत, फिरतीवर. महिन्याच्या शेवटी रिव्ह्यू मीटिंग असते. टार्गेट झालं नाही की साहेब विचारतो, किती डॉक्टर भेटले, किती कॉल झाले? आकडा सांगायच्या आधी कोणीतरी मागून पुटपुटतो, ‘सरदार…’ आणि आम्ही खाली मान घालून हसतो.

याच मीटिंगांमुळे एक लक्षात आलं. कालिया आणि रॉबर्ट एकाच जातीचे. दोघंही नोकर. मालकानं काम सांगितलंय, ते फसलंय, आता हिशेब द्यायला उभं राहायचंय. ‘शोले’त त्याला गोळी मिळते. ‘अंदाज अपना अपना’त ‘गलती से मिस्टेक हो गया’ म्हणून तो सुटतो. उभं राहणं मात्र तेच! पुढे किती ऐकून घ्यावं लागणार याचा हिशेब मनात चाललाय असं ते उभं राहणं. फरक एवढाच की रॉबर्टला आपण चुकलो याचं फारसं काही वाटत नाही. सुटाबुटात, शांतपणे, माहिती दिल्यासारखं सांगतो. शेजारी भल्ला असतो, शहजाद खान, वडील अजित यांच्या ढंगात बोलणारा. तो एवढा रंगीत असूनही नजर रॉबर्टवर जाते, कारण हा काहीच करत नाही.

१९९४ ला हा सिनेमा पडला. थेटरात आम्ही मोजकी डोकी होतो. पुढे केबलनं त्याला घराघरांत नेलं आणि ते वाक्य आमच्या धंद्यात रुळलं. बिल चुकलं, सॅम्पल दुसऱ्याच डॉक्टरकडे गेलं, मिस्टेक हो गया. साहेबही म्हणतो.

नवी मुंबईहून

‘अशी ही बनवाबनवी’तही तेच आहेत हे माझ्या मुलाला सांगितलं तर विश्वास बसेना. यूट्यूबवर लावून दाखवलं. इतकंच.

बेंगळुरूहून

कंपनीच्या मित्रांबरोबर रामनगरला गेलो होतो. ‘शोले’चं रामगढ ते हेच. आता सेटचं काही उरलेलं नाही, नुसते दगडी डोंगर. त्यातला रामदेवर बेट्टा गिधाडांसाठी राखीव आहे. बरोबरच्या कन्नड आणि तमिळ मित्रांना बसंतीचा टांगा कुठून गेला असेल यात रस होता. मी मराठी म्हणून माझ्यावर कालिया आला. खडकावर उभं करून म्हणाले, बोल. हिंदी यांची बेताची, पण ‘सरदार, मैंने आपका नमक खाया है’ सगळ्यांना पाठ, पुढचं ‘अब गोली खा’ही. ‘विजू खोटे मराठी होते’ हे मात्र मी सांगितल्यावरच कळलं. एकानं विचारलं, मग मराठीत त्यांना मोठी भूमिका कुठली मिळाली? मला पटकन नाव सुचेना. इथे कोणाला सुचलं तर लिहा.

कोल्हापूरहून

वरच्या प्रश्नाला उत्तर नाही, तक्रार आहे. आपल्याकडे विनोदी नट म्हटला की एक तर नायक व्हायचा, नाही तर खांबासारखा उभा. मधली जागाच नाही. खोट्यांनी आयुष्य त्या मधल्या जागेत काढलं, तेही हिंदीत. ‘छोट्या भूमिकेचं सोनं केलं’ हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. मोठी दिली असती तर काय पितळ केलं असतं?

रत्नागिरीहून

कोल्हापूरकर, राग समजतो, पण मी दुसऱ्या बाजूनं लिहितो. आमची हौशी नाट्यसंस्था, राज्य नाट्य स्पर्धेत दर वर्षी उतरतो, आणि माझ्या वाट्याला कायम हवालदार, नोकर, पोस्टमन. तरुणपणी वाईट वाटायचं. आमचे दिग्दर्शक म्हणाले, ‘शोले’ लाव, गब्बरचे संवाद चालू असताना आवाज बंद कर आणि फक्त कालियाकडे बघ. बघितलं. माणूस बोलत नाही तेव्हाही ऐकतोय. गब्बर त्याच्या बाजूनं मागे जातो तेव्हा मान वळत नाही, पण कान तिकडेच आहेत हे कळतं. सरदार कुठल्या बाजूला आहे ते तुम्हाला याच्या खांद्यावरून समजतं. मला तोवर वाटायचं, आपलं वाक्य आलं की अभिनय सुरू.

यंदा पुन्हा हवालदारच आहे. तीन वाक्यं आणि मग पूर्ण अंक कोपऱ्यात उभं राहणं. तालमी रोज साडेआठला. काल दिग्दर्शकांनी शेवटचं वाक्यही काढून टाकलं, म्हणाले, तू नुसता उभा राहा, चालतंय.