मदत हवी आहे: परवा रात्री पटाचं नाटक, पोरगी यायला तयार नाही

बांधीवरचा
परवा सासरवाडीला पट आहे (बैलांच्या शर्यती), रात्री नाटक. तिकिटं झाली, पुढच्या खुर्च्या. नाटकाचं नाव काढलं की पोरगी रडायला लागते. घरी ठेवू म्हटलं तर सांभाळायला कोणी नाही, म्हातारीपासून सगळे नाटकाला. नाही गेलो तर साळा वर्षभर ऐकवेल. कोणी लहान लेकरं नेली असतील तर लवकर सांगा. "प्रेमानं समजवा" लिहू नका, ते करून झालं.

कोथरूडचा_पोपट
बालनाट्य आहे का? सकाळचा प्रयोग घ्या, मुलं ताजीतवानी असतात. कडेची सीट मागा आणि एसीसाठी स्वेटर न्या.

वडसा_रिटर्न
पोपटराव, हे झाडीपट्टीचं, आमच्या पूर्व विदर्भाकडचं नाटक आहे. दहाचा टाइम लिहितात, पडदा उघडाले अकरा होतात, अन् सुटते तेव्हा कोंबडे आरवत असतात. सकाळी प्रयोग नसते, सकाळी लोक झोपतात. एसी म्हनाल तं पुसाची थंडी फुकट.
का गा बांधीवाले भाऊ, पोरगी केवढी? गाव कोन्तं? कायले भेते, आवाजाले, अंधाराले का गर्दीले? काहीच तं सांगतलं नाई तुमी.

बांधीवरचा
पाच वर्षांची. सिंदेवाहीकडचं गाव. कायले भेते हे माहीत असतं तर इथं कायले लिहिलं असतं?

सिस्टरताई
आवाजच असणार. आमच्या उपकेंद्रात पटाच्या दुसऱ्या दिवशी कान दुखतो म्हणून लेकरं येतातच. कापसाचे बोळे घालतात लोक, त्यानं फारसा आवाज अडत नाही. फोमचे बारके प्लग पण नको, पोरं काढून तोंडात टाकतात. हेडफोनसारखे कानावर बसणारे मफ घ्या. आणि पुढच्या खुर्च्या सोडा. उघड्यावर अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलनं उतरतो. मंडपात एवढा फरक पडत नाही, तरी स्पीकर बॉक्सच्या थप्पीसमोर बसण्यापेक्षा मागे बरं.

बांधीवरचा
मागं नाही बसता येत. साळ्यानं मुद्दाम पुढचं तिकीट दिलं. मागं बसलो तर त्याले दिसणार नाही.

वडसा_रिटर्न
थांबा. कोनाले दिसनार नाई? साळा स्टेजवर आहे का?

बांधीवरचा
हो मग. गावच्याच मंडळाचं नाटक आहे, फक्त बाया बाहेरून आणल्या. साळा व्हिलन आहे.

लाखांदूरची_सून
अहो दादा, हे पहिल्या ओळीत लिहायचं ना! मागच्या वर्षी पण तोच व्हिलन होता का? तेव्हा पोरीला नेलं होतं का?

बांधीवरचा
होता. नेलं होतं. शेवटी गोळी लागून मरतो. पोरगी "मामा मेला, मामा मेला" करून रडली, मग बायकोच्या शालीत झोपून गेली. सकाळी आंगणात मामा चहा पीत बसला होता, शर्टावर तो लाल रंग तसाच. तेव्हापासून त्याच्याजवळ जात नाही. पण त्याले वर्ष झालं, विसरली असेल.

लाखांदूरची_सून
नाही विसरली.

नियमात_बसा
मुळात पाच वर्षांच्या मुलीला रात्रभर जागवून खून-मारामारी आणि मधे ते रेकॉर्ड डान्स दाखवायचेच कशाला? घरी झोपवा.

वडसा_रिटर्न
घरी कोन बसते ते लिहिलं आहे वर, वाचत जा. आमी सारे त्याच मंडपात गोदडीवर झोपून मोठे झालो. झाडीपट्टीच्या परशुराम खुणेंना २०२३ मध्ये पद्मश्री भेटली, ती रेकॉर्ड डान्ससाठी नाई भेटली.

नियमात_बसा
पद्मश्रीचा आणि झोपेचा काय संबंध?

जोडी_नंबर_वन
पटात बैल कोणाचे येऊन राहिले? २०१४ ला सुप्रीम कोर्टानं बंद केले तेव्हा आम्ही गोऱ्हे विकून टाकले. डिसेंबर २०२१ ला अटींवर सुरू झाले, तर आता चांगली जोडी परवडत नाही. पट बंद होता तेव्हाही नाटकं मंडईच्या जत्रेत होतच होती म्हणा.

रंगपेटी
मी गावोगावी मेकप करतो. बांधीवरचे भाऊ, संध्याकाळी पोरीला मेकपच्या खोलीत घेऊन या. पण साळा पूर्ण तयार झाल्यावर नाही, साध्या बनियनवर असताना. तिच्यासमोर पावडर लागू द्या, क्रेपची मिशी डिंकानं चिकटू द्या. लाल रंगाची बाटली तिच्या हातात द्या, बोटाला लावून पाहू द्या. पिस्तूल टिकल्यांचं असेल तर एक टिकली तिलाच फोडू द्या. आमच्याकडे गोळीच्या आवाजासाठी विंगेत लक्ष्मी तोटा (फटाका) वाजवतात, तसं असेल तर तोही आधीच ऐकवा. आणि शेवट सांगून ठेवा: मामा पडतो, पडदा पडतो, मामा उठतो. दिवसा झोप झालीच पाहिजे. लघवीला बाहेर अंधारात जावं लागतं, टॉर्च ठेवा.

लाखांदूरची_सून
हेच. आणि मेल्यावर मामानं तिच्याकडे पाहून हळूच बोटं हलवावीत, मग ती हसेल.

वडसा_रिटर्न
मेलेला व्हिलन बोटं हलवेल तं पब्लिक मंडप डोक्यावर घेईल! वर्गणी काढून नाटक उभं करतात बाप्पा.

लाखांदूरची_सून
पहिल्या रांगेलाच दिसेल तेवढं. पब्लिकला काय कळतं.

रंगपेटी
नको ताई. हिरो तेव्हा त्याच्याच छातीवर पाय देऊन डायलॉग मारत असतो, सगळ्यांची नजर तिथंच. पडदा पडला की मामानं मिशी काढून विंगेच्या कडेला यावं, तेवढं पुरे.

सिस्टरताई
मफ तरीही घ्या.

एसटी_प्रेमी
ब्रह्मपुरीवरून येत असाल तर शेवटची गाडी पकडू नका, पटाच्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते.

बांधीवरचा
एसटी कोणी विचारली? आपली मोटरसायकल आहे.
साळ्याला फोन केला. मेकपच्या वेळी आणा म्हणतो, रंगाला हात लावू दे म्हणतो, पण मिशीला नाही, क्रेप महाग आहे. मागची जागा मागितली तर फुगला. शेवटी चौथ्या रांगेतल्या कडेच्या खुर्च्या देतो म्हणाला. पोरीला विचारलं मेकप पाहायला येतेस का, तर हो पण नाही अन् नाही पण नाही. मफ सिंदेवाहीत मिळतील का?

सिस्टरताई
मोटरसायकलच्या दुकानात नाही, हार्डवेअरवाल्याकडे विचारा. ग्राइंडर चालवणारे वापरतात तेच, पट्टी बारीक करून बसतात.

जोडी_नंबर_वन
भाऊ, मंडळाचा नंबर भेटेल का? आमच्या गावाले शिमग्याच्या आधीची तारीख पायजे. व्हिलन हाच चालेल.