पॅरामेडिकला डिग्री खरंच लागते का?

घाटातला: सहा वर्षं अँब्युलन्सवर पॅरामेडिक आहे, म्हणजे हॉस्पिटलला पोचेपर्यंत पेशंटला सांभाळणारा, एक वर्षाचा कोर्स करून लागलो होतो. आता इमर्जन्सी मेडिकल सर्व्हिसेसच्या बी.एस्सी.ला ॲडमिशन घेतोय, तीन वर्षं आणि वर इंटर्नशिप. घरचे म्हणतात आता कशाला. गेल्या पावसाळ्यात एक काका होते, छातीत दुखतंय, अंगाला दरदरून घाम. ईसीजीची पट्टी काढली, २, ३ आणि एव्हीएफमध्ये एसटी वर गेलेली दिसत होती, म्हणजे हृदयाच्या खालच्या भागाच्या हार्ट अटॅकची खूण, छातीदुखीवर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी हातात काढून ठेवलेली, तेवढ्यात फोनवरचे डॉक्टर म्हणाले थांब, बीपी बघ आधी, अटॅकमध्ये हृदयाची उजवी बाजूही सापडली असेल तर या गोळीने बीपी धाडकन खाली येईल. मी ती जिभेखाली ठेवणारच होतो हो. तेव्हापासून डोक्यात आहे की मला नुसतं काय द्यायचं ते माहितीय, का ते नाही.

स्ट्रेचरवाला: भावा तुझी तळमळ कळते पण मला नाही पटत. आपल्याकडे महाराष्ट्रात १०८ वर २०१४ पासून डॉक्टर असतो, बीएएमएस नाहीतर बीएचएमएस, मग डिग्रीवाल्या पॅरामेडिकने बसायचं कुठे? आणि हात वर्गात बसून तयार होत नाहीत. चाळीच्या अरुंद जिन्यातून पेशंट चादरीत घालून खाली आणणं, हृदय बंद पडलेल्या पेशंटच्या छातीवर हलत्या गाडीत मिनिटाला १०० ते १२० दाब आणि तेही ५ सेंटिमीटर खोल, हे करून करूनच येतं. चार वर्षांचा पगार बुडेल तो वेगळाच.

मेलबर्नची ताई: दादा, हाताचं अगदी खरं, पण इथे गाडीत डॉक्टर नसतो, दोघं पॅरामेडिकच. औषध द्यायचं की नाही ते आम्हीच ठरवतो आणि चुकलं तर जाबही आम्हालाच. डिसेंबर २०१८ पासून रजिस्ट्रेशनशिवाय स्वतःला पॅरामेडिक म्हणवताच येत नाही, नव्याने येणाऱ्याला डिग्री लागतेच. घाटातल्या भाऊंच्या गोळीसारखा प्रसंग आमच्या पहिल्या वर्षाच्या परीक्षेत होता.

स्ट्रेचरवाला: ताई तिकडे आधी पद आहे आणि मग डिग्री. इथे आधी शिका म्हणतात आणि जाहिरात निघते ती डॉक्टरची नाहीतर ड्रायव्हरची. माझ्या ओळखीची दोन पोरं डिग्री घेऊन शेवटी कॅज्युअल्टीत टेक्निशियन म्हणून राबतायत, त्यांच्या आईबापाला काय सांगायचं?

निशा_नाशिक: पदं नाहीत हे मान्य, पण डॉक्टर-नर्स सोडून बाकीच्या आरोग्य कर्मचाऱ्यांसाठीच्या २०२१ च्या अलाइड हेल्थकेअर कायद्यात पॅरामेडिकचं नाव आलंय. उद्या रजिस्टर नीट सुरू झालं तर पहिला प्रश्न शिक्षणाचाच येणार, तेव्हा तुमच्यासारख्या अनुभवी माणसांनाच बाहेर ठेवलं तर? तुमच्यासाठी वेगळी वाट हवी, हे आत्ताच बोलायला हवं.

स्ट्रेचरवाला: हे मात्र बरोबर. अनुभव धरून दुसऱ्या वर्षाला घेत असतील तर मीही फॉर्म भरेन, पंचेचाळिशीत पहिल्यापासून बसायला लावू नका.

घाटातला: दादा तुमचं हाताचं म्हणणं मनात धरूनच कॉलेज निवडलंय, फी विचारायच्या आधी कॅज्युअल्टी आणि अँब्युलन्सचं पोस्टिंग किती ते विचारलं, नुसती लेक्चरं असती तर परत फिरलो असतो. पगाराचं खरंय, बायकोशी बोलून दोन वर्षांचं साठवलंय, पुढचं रात्रपाळीवर बघू.